पश्चिमेचा गाभारा

रेवदंड्यासारख्या कोकणातल्या एखाद्या जुन्या गावात शुक्रवारी तिन्हीसांजेला तीन माणसे प्रार्थनेला उभी आहेत, अशी कल्पना करू. एक पूर्वाभिमुख देवळात देवापुढे हात जोडून उभा आहे. दुसरा मशिदीत नमाजाला उभा आहे. तिसरा सिनेगॉगमध्ये शब्बाथचे स्वागत करतो आहे. तिघांची तोंडे पश्चिमेकडे आहेत. पहिल्याचा देव पूर्वेकडे पाहतो, म्हणून देवाकडे पाहणाऱ्याला पश्चिमेकडे पाहावे लागते. दुसऱ्याची मक्का समुद्रापलीकडे पश्चिमेला आहे. तिसऱ्याचे जेरुसलेम पश्चिमेला, नेमके सांगायचे तर वायव्येकडे झुकलेले, सुमारे ४,००० किलोमीटरवर आहे. दिशा एक, अर्थ तीन.

वास्तूच्या तपशिलांचा अर्थ लावणाऱ्याने हे उदाहरण कायम समोर ठेवावे. तपशील डोळ्यांना दिसतो, त्याचा अर्थ मात्र भिंतीवर लिहिलेला नसतो. खांब, चौकट, खिडकी, उंबरठा, दिशा यांना अर्थ देतात ती त्या वास्तूत वावरणारी माणसे. माणसे गेली की अर्थ हवेत विरतो आणि उरते ते नुसते बांधकाम. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएलांच्या प्रार्थनालयांवर आज ही वेळ आली आहे. म्हणूनच प्राचीन इस्राएलच्या मंदिरापासून अलिबाग-पेणच्या सिनेगॉगपर्यंत काही तपशिलांचा माग काढावा, असे मनाने घेतले.

मी बिरवाडीचा. हिब्रू मला येत नाही. मराठी पवित्र शास्त्र, उत्खननांवरची पुस्तके आणि जिल्ह्यातली पायपीट हीच माझी साधने. पण महाडजवळची पाल्याची लेणी पाहत आणि गावोगावच्या देवळांत वावरत मोठा झालेल्या माणसाला एक सोय असते. गाभारा म्हणजे काय, उंबरठा म्हणजे काय, हे त्याला कोशात शोधावे लागत नाही.

साठ हात लांब, वीस हात रुंद

जेरुसलेमला राजा शलमोनाने, इसवी सनापूर्वी दहाव्या शतकात, बांधलेले म्हणून सांगितले जाते त्या मंदिराचा एकही दगड निर्विवादपणे संशोधकांच्या हाती लागलेला नाही. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने ते जाळले. त्याच जागी उभे राहिलेले दुसरे मंदिर इ. स. ७० मध्ये रोमनांनी पाडले. पहिल्या मंदिराची ओळख आपल्याला मुख्यतः शब्दांतून होते, आणि त्यातला सर्वांत तपशीलवार मजकूर पवित्र शास्त्रातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या सहाव्या-सातव्या अध्यायांत आहे.

मराठी वाचकाला तिथली मापे परकी वाटत नाहीत, कारण ती ‘हातां’त दिली आहेत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात आपले जुने सुतार-गवंडीही वापरत. मंदिर साठ हात लांब, वीस हात रुंद, तीस हात उंच. पुढे दहा हातांची देवडी, तिला हिब्रूत ‘उलाम’ म्हणतात. मग चाळीस हातांचे मुख्य दालन, ते ‘हेखाल’. शेवटी वीस हात लांब, वीस हात रुंद आणि वीस हात उंच अशी चौकोनी खोली, ती ‘दवीर’, म्हणजे परमपवित्रस्थान. तिथे कराराचा कोश आणि त्यावर पंख पसरलेले दोन करूब. मूर्ती नाही.

देवडी, सभामंडप, गाभारा हा क्रम आपल्याला ओळखीचा वाटतो. आणखी एक गोष्ट तितकीच ओळखीची आहे. मंदिराच्या अर्पणाच्या वेळी शलमोन म्हणतो, की परमेश्वराने निबिड अंधारात राहण्याचे ठरवले आहे. दवीराला खिडकी असल्याचा उल्लेख नाही. आपल्या गाभाऱ्यातही काळोख असतो आणि समईच्या उजेडात देव हळूहळू दिसू लागतो. देवाचे वसतिस्थान मुद्दाम अंधारात ठेवायचे, ही जाणीव दोन्हीकडे आहे.

म्हणून एकाने दुसऱ्याचे घेतले असे मी म्हणत नाही. उघड्यावरून आत, उजेडाकडून अंधाराकडे, सर्वांच्या जागेकडून एकाच्या जागेकडे ही चाल माणसाला अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचलेली आहे. शेजारच्या वास्तूचा उपयोग डोळे तयार करण्यापुरता. पुढचा निर्णय ज्या त्या संस्कृतीच्या पुराव्यावरच व्हायला हवा.

चौकटीतल्या चौकटी

याच सहाव्या अध्यायात दारांविषयी दोन दुर्बोध शब्द येतात. दवीराच्या दाराच्या बाह्यांबद्दल ‘पाचवी’ असे काहीसे म्हटले आहे, आणि हेखालाच्या दाराच्या बाह्यांबद्दल ‘चौथी’. पाचवी म्हणजे काय? भाषांतरकारांनी पूर्वापार वेगवेगळे तर्क केले. कुणी भिंतीचा पाचवा हिस्सा म्हटले, कुणी पाच कोनांचे दार म्हटले.

उत्तराची दिशा एका लहानशा वस्तूने दाखवली. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला, दाविद आणि गल्याथ यांच्या लढाईची कथा जिथे घडते त्या एला खोऱ्यालगत, खिर्बेत कयाफा नावाचे तटबंदीचे गाव आहे. योसेफ गार्फिंकेल यांनी २००७ पासून तिथे उत्खनन केले. इ. स. पू. १००० च्या आसपासच्या थरात त्यांना देवघराची लहान प्रतिरूपे सापडली. त्यांतले एक चुनखडीच्या दगडाचे, जेमतेम ३५ सेंटिमीटर उंचीचे. त्याच्या दाराला एकात एक बसवलेल्या तीन चौकटी आहेत. दारावर तुळयांची टोके बाहेर आलेली कोरली आहेत, तीही तिनातिनांच्या गटांत. गार्फिंकेल यांचे म्हणणे असे, की शलमोनाच्या मंदिराच्या वर्णनातले ‘शेकुफीम’ आणि ‘त्सेलाओत’ हे अडलेले शब्द आतआत सरकत जाणाऱ्या चौकटींना आणि गटांत मांडलेल्या तुळयांना उद्देशून असावेत. मग ‘पाचवी’ म्हणजे पाच चौकटींचे दार आणि ‘चौथी’ म्हणजे चार चौकटींचे. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही, पण हा तर्क पुष्कळ वजनदार आहे.

आपल्याकडच्या देवळांच्या अभ्यासकाला यात बुचकळ्यात पडण्यासारखे काही नाही. गाभाऱ्याच्या दाराला आपण ‘शाखा’ मोजतो. त्रिशाखा, पंचशाखा, सप्तशाखा. जितक्या शाखा जास्त, तितका आतल्या जागेचा मान मोठा. शलमोनाच्या मंदिरात बाहेरचे दार चौथे आणि आतले पाचवे, म्हणजे आत जाताना एक चौकट वाढते. दार अरुंद होत जाते तसा प्रवेश अवघड होत जातो, आणि तो तसाच वाटावा अशीच योजना आहे.

तुळयांच्या टोकांचेही असेच. दगडाच्या इमारतीला लाकडी तुळईचे टोक बाहेर काढण्याची गरज नसते. तरी ते कोरले जाते, कारण आधीची इमारत लाकडाची होती आणि देवाचे घर ‘तसे’ दिसते, अशी डोळ्यांना सवय झालेली असते. भाजे आणि कार्ले इथल्या चैत्यगृहांत हेच आहे. सबंध डोंगर कोरून केलेल्या छताला लाकडी कमानींचा काहीही आधार लागत नाही. तरीही कार्ल्याच्या छतात त्या कमानी बसवल्या आणि त्या आजही टिकून आहेत. पवित्र वास्तू नेहमी आपल्या आधीच्या वास्तूची आठवण अंगावर वागवते. हे सूत्र पुढे कोकणात फार उपयोगी पडणार आहे.

इथे सावधगिरीचा एक इशारा द्यायला हवा. शलमोनाच्या मंदिरापुढे पितळेचे दोन भव्य खांब होते, उंची अठरा हात. त्यांची नावे याखीन आणि बवाज. त्यांच्या कळसांवर डाळिंबांच्या रांगा होत्या, प्रत्येकावर दोनशे. १९८८ मध्ये इस्राएल संग्रहालयाने अंगठ्याएवढे एक हस्तिदंती डाळिंब साडेपाच लाख डॉलरला विकत घेतले. त्यावरच्या कोरीव अक्षरांमुळे ते मंदिरातल्या याजकांच्या दंडाचे टोक असावे असे मानले गेले. शलमोनाच्या मंदिराची हाती आलेली एकमेव वस्तू म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २००४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने निर्णय दिला, की डाळिंब जुने आहे, मंदिराहूनही जुने, पण अक्षरे अलीकडे कोरलेली आहेत. त्यावर वाद अजून चालू आहे. तपशिलाला अर्थ हवासा वाटला, की तो अर्थ पुरवणारे हातही तयार होतात, एवढा धडा त्यातून घ्यावा.

उंबरठ्यावरची पावले

सिरियाच्या उत्तरेला ऐन दारा इथे एक मंदिर आहे. ते इस्राएली नव्हे, पण त्याच काळाच्या आसपासचे आणि आराखड्याने शलमोनाच्या मंदिराच्या वर्णनाशी सर्वांत जवळचे. देवडी, दालन, गाभारा, पुढे दोन खांब. त्याच्या उंबरठ्यांवर अनवाणी पावले कोरलेली आहेत, एकेक जवळजवळ मीटरभर लांब. पहिल्या उंबरठ्यावर दोन्ही पावले शेजारी शेजारी, मग पुढे डावे, आणि आतल्या दालनाच्या उंबरठ्यावर उजवे. म्हणजे देव बाहेर क्षणभर उभा राहिला आणि ढांगा टाकत आत गेला. पावले फक्त आत जाणारी आहेत. मूर्तीपेक्षा जास्त ठामपणे ती सांगतात, की घरधनी घरात आहे.

दिवाळीच्या दिवसांत ज्या घरांच्या उंबरठ्यातून रांगोळीची लक्ष्मीची पावले आत वळतात, त्या घरांतल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको. यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातही मंदिर म्हणजे परमेश्वराच्या पावलांची जागा असे म्हटले आहे. मूर्ती निषिद्ध असलेल्या धर्माला पावलांची भाषा चालली. जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानच्या हवाई हल्ल्यात ऐन दाराच्या या मंदिराची मोठी हानी झाली. तीन हजार वर्षे टिकलेला तपशील एका दिवसात जाऊ शकतो.

पाठ कुणाकडे, तोंड कुणाकडे

आता पुन्हा पश्चिमेकडे वळू. शलमोनाच्या मंदिराचे दार पूर्वेला आणि दवीर पश्चिमेला होता. यहूदाच्या दक्षिण सरहद्दीवर अराद इथल्या किल्ल्यात योहानान अहारोनी यांना १९६० च्या दशकात एक छोटे मंदिर सापडले. त्याचाही गाभारा पश्चिमेला आहे. अंगणातली वेदी न घडवलेल्या दगडांची आणि मातीची आहे, कारण वेदीच्या दगडाला हत्यार लावू नये अशी आज्ञा ‘निर्गम’ पुस्तकात आहे. तिचा आकार सुमारे पाच हात लांब-रुंद, त्याच पुस्तकात सांगितलेल्या मापाचा. गाभाऱ्याच्या पायरीवर धूप जाळण्याचे दोन दगड होते. ते कुणीतरी आडवे करून, जपून पुरून ठेवलेले सापडले. २०२० मध्ये त्यांवरच्या काजळीची तपासणी झाली, तेव्हा एकावर ऊद आणि दुसऱ्यावर भांग निघाली.

दार पूर्वेला असल्यामुळे सकाळचे ऊन सरळ आत येते. सूर्याला पूजणाऱ्यांच्या शेजारात राहताना यात एक धोका होता. मंदिराच्या अंगणात उभा राहून पूर्वेकडे तोंड केले, की समोर उगवता सूर्य आणि पाठ देवाकडे. यहेज्केलाने नेमके हेच पाहिले, सुमारे पंचवीस माणसे मंदिराकडे पाठ करून सूर्याला नमस्कार करताना, आणि तो संतापला. त्या प्रसंगाची आठवण दुसऱ्या मंदिराच्या काळात विधीच बनली. मंडपांच्या सणात पहाटे कोंबडा आरवला, की याजक पूर्वेच्या दरवाजापर्यंत चालत जात आणि तिथे मुद्दाम मागे वळून पश्चिमेकडे तोंड करीत. आमच्या वाडवडिलांची पाठ मंदिराकडे होती, आमचे डोळे मात्र देवाकडे आहेत, अशा अर्थाचे ते बोलत. मिश्नात ही हकीकत आहे.

म्हणजे प्राचीन इस्राएलात पश्चिमेकडे पाहणे ही नुसती सोय नव्हती, तो निवाडा होता. कुणाकडे पाठ करायची, हे ठरवून घेतलेली ती दिशा होती.

मंदिर पडल्यावर ही दिशा बदलली. जगभरचे यहुदी जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करू लागले. युरोपातला यहुदी त्यामुळे पूर्वेकडे पाहतो, प्राचीन मंदिरातल्या भक्ताच्या बरोबर उलट. कोकणातला यहुदी पश्चिमेकडे पाहतो. कारण वेगळे, भूगोलाचे, पण सिनेगॉगच्या दारातून आत येणाऱ्या अलिबागच्या माणसाची आणि शलमोनाच्या अंगणात येणाऱ्या माणसाची दिशा तीच. आणि त्याच्या शेजारच्या देवळातल्या, मशिदीतल्या माणसाचीही तीच. उगवतीकडे पाठ करून प्रार्थना करणारा माणूस कोकणात कुणाला परका वाटला नसता.

वास्तूशिवाय धर्म

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. काळ नेमका कोणता, यावर मतभेद आहेत. पुढची अनेक शतके मात्र ते आपल्या जिल्ह्याच्या गावागावांत विखुरले. त्यांची आडनावे म्हणजे रायगडचा नकाशाच आहे: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, किहीमकर, चेऊलकर, वाक्रूळकर, झिराडकर. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

या सगळ्या काळात त्यांच्याकडे सिनेगॉग नव्हते, हा मला सर्वांत विचार करायला लावणारा मुद्दा वाटतो. सुंता होती, शब्बाथ होता, खाण्यापिण्याचे नियम होते, ‘शमा’ ही प्रार्थना होती. ग्रंथ नव्हता, आणि ग्रंथ नसल्यामुळे तो ठेवण्याची जागाही नव्हती. पवित्र स्थळ होते ते अलिबागजवळच्या खंडाळ्यातला खडक. एलिया संदेष्टा, म्हणजे एलियाहू हनाबी, रथातून स्वर्गात जाताना त्या रथाचा आणि घोड्यांच्या टापांचा ठसा त्या खडकावर उमटला, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच त्या जागेला ‘एलियाहू हनाबीचा तापा’ म्हणतात. आजही तिथे मलिदा करून नवस फेडतात. ऐन दाराच्या उंबरठ्यावर पावले, कोकणच्या खडकावर टापा. भिंती नसल्या तरी ठसा पुरतो.

पहिली वास्तू आली ती मुंबईत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सुभेदार सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटले. त्याच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात सिनेगॉग बांधले. नाव ‘शाआर हारहामीम’, दयेचे द्वार. लोक त्याला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते. त्यानंतर जिल्ह्यात एकामागून एक प्रार्थनालये उभी राहिली: रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३. याच काळात कोचीहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी विधी शिकवले, आणि १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तेव्हा हे सारे बदल त्यांच्या डोळ्यांसमोरचे होते.

प्रार्थनालयांची नावे पाहा. अलिबागचे ‘मागेन आबोत’, पितरांची ढाल. रेवदंडा आणि पनवेलचे ‘बेथ एल’, देवाचे घर. पुण्यातली दोन, ‘ओहेल दाविद’ म्हणजे दाविदाचा तंबू आणि ‘सुक्कथ शेलोमो’ म्हणजे शलमोनाचा मांडव. द्वार, ढाल, घर, तंबू, मांडव. मंदिराच्या आधी इस्राएलांचा देव तंबूत राहत होता. विटांच्या पक्क्या इमारतीला तंबूचे नाव देणे म्हणजे दगडात लाकडी तुळई कोरण्यासारखेच आहे. मागचे घर पुढच्या घराच्या नावात राहते.

हेखाल, तेबा आणि उजेड

आता अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगसारख्या वास्तूत जाऊ. मांडणी साधी आहे. पश्चिमेच्या भिंतीत पडद्याआड एक कपाट, त्यात तोराच्या गुंडाळ्या. दालनाच्या मध्यभागी कठडा असलेला चौथरा, तिथून वाचन होते. वर स्त्रियांसाठी सज्जा. छतातून लोंबणारे काचेचे दिवे. बाजूला एलियाहू हनाबीसाठी राखलेली खुर्ची, सुंतेच्या वेळची.

त्या कपाटाला ‘हेखाल’ म्हणतात. शलमोनाच्या मंदिरात हेखाल म्हणजे चाळीस हात लांबीचे भव्य दालन होते. मंदिर पडले, दालन गेले, आणि त्याचे नाव भिंतीतल्या एका कपाटात येऊन राहिले. मधल्या चौथऱ्याला ‘तेबा’ म्हणतात. मिश्नाच्या काळात तेबा म्हणजे ग्रंथाची पेटी होती, आणि नोहाच्या तारवालाही तोच शब्द आहे. पेटीचे नाव चौथऱ्याला गेले, दालनाचे नाव पेटीच्या जागेला आले. घर बदलताना सामान जिथे जागा मिळेल तिथे ठेवतात, तसे हे शब्द मांडले गेले आहेत. घर बदलल्याचा यापेक्षा बोलका पुरावा मला माहीत नाही.

तोराच्या गुंडाळीवर चांदीचे गोंडे बसवतात. त्यांना ‘रिम्मोनीम’ म्हणतात, म्हणजे डाळिंबे. याखीन-बवाजच्या कळसांवरची आणि महायाजकाच्या झग्याच्या काठावरची डाळिंबे आता ग्रंथावर आली. हेखालासमोरचा अखंड दिवा मंदिरातल्या दीपवृक्षाची आठवण आहे. ‘निर्गमा’तली आज्ञा जैतुनाच्या शुद्ध तेलाची होती, आणि कोकणात जैतून नाही. पण तेल गाळण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना दिव्याला तेल घालणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागले नसेल.

सर्वांत मोठा बदल उजेडाचा आहे. दवीर अंधारी होता. सिनेगॉगला खिडक्याच खिडक्या. बाबेलमध्ये बंदिवान असलेला दानीएल जेरुसलेमच्या दिशेने उघडणाऱ्या खिडकीशी प्रार्थना करी. त्यावरून तालमूदने नियम काढला, की खिडकी नसलेल्या घरात प्रार्थना करू नये. देव जिथे राहतो ती जागा अंधारी असू शकते. ग्रंथ जिथे वाचला जातो तिथे उजेड लागतो. तेबा मध्यभागी का, याचेही उत्तर हेच आहे. गाभाऱ्यापुढे माणसे रांगेने उभी राहतात. वाचणाऱ्याभोवती ती गोल बसतात, म्हणजे सर्वांना ऐकू येते. मंदिराचा अर्थ ‘राहणे’ होता, सिनेगॉगचा ‘वाचणे’ आहे. हे सारे स्थित्यंतर एका खिडकीत आणि एका चौथऱ्याच्या जागेत सामावले आहे.

न गिलावलेला हात

तालमूदमध्ये एक सूचना आहे. घर बांधावे, गिलावा करावा, पण दारासमोरचा एक हात लांब-रुंद तुकडा तसाच उघडा ठेवावा. पडलेल्या मंदिराची आठवण म्हणून. मला हा तपशील सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो काहीच दाखवत नाही. जे नाही, तेच त्यात बांधलेले आहे. जाणत्याला ती आठवण दिसते. न जाणणारा गवंडी तिथे सिमेंट लावून मोकळा होतो.

१९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. त्यांतले बहुतेक पुढच्या काही दशकांत इस्राएलला गेले. तिथे १९६० च्या दशकात त्यांच्या यहुदीपणावरच प्रश्न उभा केला गेला. त्यांनी मोठा लढा दिला आणि १९६४ मध्ये सरकारकडून बरोबरीची मान्यता मिळवली. कोकणात मागे राहिली ती प्रार्थनालये आणि कबरी. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि कित्येक गावांत आता तेवढेही जमत नाहीत.

अशा वास्तूंच्या दुरुस्तीला पैसा कधी ना कधी येईल. प्रश्न पैशाचा नाही, ओळखीचा आहे. मधला तेबा अडचण वाटून बाजूला सरकवला, तर दालन प्रशस्त दिसेल आणि सिनेगॉगचे देऊळ होईल. पावसाच्या त्रासाने खिडक्या बुजवल्या, तर दानीएलाची खिडकी जाईल. पश्चिमेच्या भिंतीला नवे दार पाडले, तर दिशाच जाईल. यातले काहीही दुष्टपणे होणार नाही. सोयीसाठीच होईल, आणि म्हणून ते अधिक सहज होईल.

वस्तू उचलून संग्रहालयात ठेवणे हा मार्ग आहेच. कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचे लाकडी अंतरंग आज जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात जपलेले आहे. लाकूड वाचले, याचा आनंदच आहे. पण जे कपाट शेकडो वर्षे समुद्रापलीकडच्या जेरुसलेमकडे बोट दाखवीत उभे होते, ते जेरुसलेमलाच जाऊन पोचल्यावर त्या बोटाला दाखवायला काय उरले? दिशा हा तपशील गाडीत घालून नेता येत नाही. तो जागेचाच असतो.

म्हणून या वास्तूंची राखण प्रथम शेजाऱ्यांकडे येते. पेण, पनवेल, अलिबाग, रेवदंडा इथल्या शाळांनी आपल्या मुलांना गावातल्या सिनेगॉगमध्ये एकदा तरी न्यावे. नगरपालिकांनी दुरुस्तीचा आराखडा मंजूर करण्याआधी समाजातल्या जाणत्यांना विचारावे, आणि तेबा, हेखाल, खिडक्या, दिशा यांची नोंद मापांसह करून ठेवावी. काम दोन-चार दिवसांचे आहे. मापे हातांत घेतली तरी चालतील. आणि गिलावा करताना दारासमोरचा एखादा तुकडा उघडा आढळला, तर तो राहून गेला आहे की राखून ठेवला आहे, हे आधी विचारावे.